सिलिंडरवरच्या अकरा रेघा

माझ्या संसारात एक सवत होती. माझ्या कमरेएवढी उंच, अंगानं काळीकुळकुळीत आणि डोक्यावर पितळेची चावी. ऑक्सिजनचं सिलिंडर होतं ते. माझा नवरा भिलाईच्या कारखान्यात वेल्डर होता. दिवसभर तिथं लोखंड जोडायचा आणि घरी येऊन पुन्हा लोखंडच जोडत बसायचा. हलवाई म्हणे घरी मिठाई खात नाही. आमचा हलवाई दोन्हीकडे खायचा.

आम्ही भंडाऱ्याकडचे. कारखाना उभा राहत होता तेव्हा तो एका ठेकेदाराच्या हाताखाली आला आणि मग कारखान्यातच लागला. ठेकेदार काम संपवून गाशा गुंडाळून निघाला, तेव्हा हे लहान सिलिंडर यानं त्याच्याकडून विकत घेतलं आणि सायकलच्या कॅरिअरला दोरानं बांधून घरी आणलं. क्वार्टर आम्हाला नुकतंच मिळालं होतं. अंगणात नुसता लाल मुरूम, सावलीला झाड म्हणून एक नाही. त्या उघड्या अंगणात त्यानं सिलिंडर भिंतीशी साखळीनं बांधून उभं केलं.

"हे काय आनून ठेवलं?" मी विचारलं.

"खेळनं हाय माहं," तो म्हणाला.

खेळणं! चाळिशीला आलेला माणूस. मी कपाळाला हात लावला.

खेळण्याचा खर्च कळायला मात्र मला वेळ लागला नाही. जोडकामाला दोन वायू लागतात. एक तो घरीच करायचा, पत्र्याच्या डब्यात कार्बाइडचे खडे टाकून वर पाणी सोडायचं. सडक्या लसणासारखा वास सुटायचा, शेजारीण दार लावून घ्यायची. पण कार्बाइड स्वस्त. महाग होता तो ऑक्सिजन. दुर्गच्या स्टेशनाजवळ एक गॅसवाला होता. त्याचं खरं गिऱ्हाईक म्हणजे मोठमोठे ठेकेदार, गाडीभर सिलिंडरं नेणारे. आमच्यासारख्या हौशी माणसाचं एवढंसं सिलिंडर भरायलाही तो जवळपास मोठ्याचीच भराई लावायचा. वर हमाली, वर ट्रकचं भाडं. तेवढ्यात आमच्या दोघांचं पंधरा दिवसांचं तेल-डाळ आलं असतं.

त्यातही दोन रीती होत्या. रिकामं द्यायचं आणि त्याच्याकडचं कुठलंही भरलेलं घेऊन लगेच घरी यायचं, ही बदली. नाहीतर आपलंच सिलिंडर रायपूरला भरायला पाठवायचं, आठ दिवस वाट पाहायची आणि चार रुपये जास्तीचे मोजायचे. सगळं जग बदली घ्यायचं. आमचे साहेब काही घ्यायचे नाहीत.

"वायू तोच ना? मंग चार रुपये जास्तीचे कावून?" मी भांडायची.

"दुसऱ्याचं कसं असन काय माहीत. आपलं पोरगं शाळेत धाडलं अन् मास्तरनं कोन्या दुसऱ्याचंच वापस पाठोलं, तं तू घरात घेशीन का?"

"आपल्याले पोरगं नाही हाय," मी म्हटलं.

बोलले खरं, पण जीभ चावली. लग्नाला बारा वर्षं होऊन गेली होती. तो उठून डबा धुवायला गेला. त्या दिवसापासून बदलीचा विषय मी काढला नाही. भराईचा मात्र काढत राहिले, माझा स्वभावच तसा. एकदा तावातावानं म्हटलं, "आतापर्यंत किती खेपा भरलं ते, काही गिनती हाय?" तर यानं भिंतीतला खिळा उपसला आणि सिलिंडरच्या खांद्यावरचा काळा रंग खरवडून एक रेघ ओढली. मग दुसरी, मग तिसरी. "घे, हे तुही गिनती. आता तूच पाहत जाय."

तेव्हापासून तो रिवाजच पडला. सिलिंडर भरून आलं की तो आधी मला हाक मारायचा, मी पदराला हात पुसत यायची आणि माझ्यासमोर रेघ ओढली जायची. मी तोंड वाकडं करायची. तो हसायचा. अशा अकरा रेघा झाल्या. माझ्या बोलण्यातून निघालेल्या त्या रेघा, हे मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

त्या रेघांत काय काय केलं त्यानं! माझ्या शेगडीला पाय, अंगणाला फाटक, शेजारणीच्या शिलाई मशीनचं मोडलेलं पायडल, कुणाच्या सायकलचं कॅरिअर. पैसा एकाकडूनही घेतला नाही. लोखंड सुपेला बाजारातल्या भंगारवाल्याकडून विकत आणायचा. कारखान्यातलं नव्हतं हो, आधीच सांगून ठेवते. लोकांच्या तोंडाला काय, हात लावता येत नाही. आणि एक नेम त्याचा पक्का होता. सिलिंडर कधी पुरतं रिकामं करायचा नाही. थोडा वायू आत राहिलाच पाहिजे, नाहीतर आत ओल शिरते, भांडं आतून खराब होतं, म्हणायचा. तेवढा राहिला की चावी घट्ट बंद करून वर खडूनं 'खाली' असं लिहायचा. अर्ध्यावर राहिलेलं काम तसंच राहायचं.

माझ्या माहेरी ओसरीत बंगई होती, छताला टांगलेला झोपाळा. लाकडी फळीची, पितळी कड्यांची. जेवण झालं की मी तिच्यावर बसायची, लग्न होईतो बसत होते. क्वार्टरच्या छताला एक कडी नव्हती. कधीतरी मी बोलले असेन, "या घरात बंगईले जागा नाही." मी विसरूनही गेले. तो नाही विसरला. एका उन्हाळ्यात भंगारातून पाइप आणायला लागला. चार पाय, वर आडवा दांडा, सगळं अंगणातच उभं करायचं, छताची गरजच नाही. दांड्याला दोन कडी, त्यात साखळ्या, साखळीला फळी. फळी त्यानं सुताराकडून रंधून आणली होती. मी रोज विचारायची, "हे कोनाचं करून राहिले?" तो म्हणायचा, "हाय एक बाई. तिले घरात जागा नाही."

चारही पाय जोडले. दांडा बसला. एक कडं बसलं आणि वायू संपत आला. त्यानं चावी बंद केली, 'खाली' लिहिलं.

"एकच कडं राहिलं," तो म्हणाला. "या आठवड्यात भरून आनतो."

त्या महिन्यात गावाहून सासूच्या डोळ्याच्या औषधासाठी पैसे मागणारं पत्र आलं होतं आणि माझं डोकं आधीच तापलेलं. खरं सांगायचं तर पैसे नव्हते असंही नव्हतं. थोडी ओढाताण केली असती तर निघाले असते. पण त्या दिवशी मला जिंकायचं होतं.

"काही गरज नाही! बारावी रेघ मले पाहाचीच नाही. मले नाही पायजे तुमची बंगई!"

"बरं," तो म्हणाला. एवढंच. भांडला असता तर बरं झालं असतं.

पंधराएक दिवसांनी त्याला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग दवाखाना. डोळे हळदीसारखे पिवळे. दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी मला जवळ बोलावून म्हणाला, "त्याची चावी घट्ट बंद हाय का, पाहून ये बरं." मी म्हटलं, "अवो, तुम्ही आधी बरे व्हा ना." तो पुन्हा तेच म्हणाला. मी घरी आले, पाहिलं, चावी बंद होती. परत जाऊन सांगितलं, तेव्हा तो झोपला होता. मी सांगितलेलं त्यानं ऐकलं की नाही मला माहीत नाही. त्याच रात्री तो गेला.

तेरावं झालं, पाहुणे गेले. अंगणात बंगईचा सांगाडा उभा. एक कडं आहे, एक नाही. सकाळी दार उघडलं की पहिलं तेच दिसायचं. मी ठरवलं, काही झालं तरी हे पुरं करायचं. त्याच्याबरोबर कामाला असलेला एक दोस्त होता, मला वहिनी म्हणायचा. त्याला विचारलं. तो म्हणाला, "कडं मी बसवून देतो, वहिनी. रविवारी सुट्टी हाय. सिलिंडर भरून आनाले मीच जाईन."

पण मला रविवारपर्यंत दम कुठला? शुक्रवारीच रिक्षा केली, सिलिंडर पायाशी आडवं ठेवलं आणि एकटीच दुर्गला गेले. गॅसवाल्यानं चावी जराशी उघडून पाहिली. फुस्स आवाज आला.

"थोड़ा है अभी इसमें," तो म्हणाला आणि उरलेला वायू सोडून दिला. मग वर पाहून विचारलं, "बाई, यही भरवाना है कि बदली लोगी?"

विचारलं होतं हो त्यानं. नीट विचारलं होतं.

"बदली," मी म्हटलं. "चार रुपये कावून जास्तीचे?"

इतक्या वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघालं. वरून मनात जरा बरंही वाटलं, की बघा, मी कसा व्यवहार केला. भरलेलं सिलिंडर रिक्षात घेऊन मी घरी आले.

रविवारी दोस्त आला. सिलिंडरची साखळी लावताना त्यानं ते फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, रेघा कुठं हायेत?"

माय वो! मी मुरमातच बसले. नवाकोरा काळा रंग होता त्याच्यावर, ओरखडा म्हणून नाही.

तसेच उठून आम्ही दुर्गला गेलो. गॅसवाला दुकान बंद करत होता. शनिवारीच ट्रक रायपूरला गेला होता. तिथून भरून कुठल्या ठेकेदाराकडे जाईल, कुठल्या गावी, त्याला तरी काय ठाऊक? मागच्या आवारात त्यानं मला नेलं. सिलिंडरं ओळीनं उभी होती, सगळी काळी. मी एकेकाच्या खांद्यावरून हात फिरवत गेले. गॅसवाला हातात कुलूप धरून उभा राहिला.

परत येताना मी दोस्ताला विचारलं, "आत थोडा वायू उरला होता. तेवढ्यात ते कडं बसलं असतं का?"

"बसलं असतं," तो म्हणाला. "पन भाऊ तसं करत नव्हता."

पुढच्या रविवारी त्यानं कडं बसवलं. जोड इतका सुबक, की माझ्या नवऱ्याचा त्याच्यापुढे ओबडधोबड वाटावा. काम झाल्यावर त्यानं भिंतीतला खिळा काढून माझ्यापुढे धरला. मी खिळा हातात घेतला, सिलिंडरपाशी गेले आणि परत आले. बारावी रेघ होती ती. तिच्या आधीच्या अकरा कुठं होत्या?

बंगईवर मी बसते. म्हातारपणी तर रोजच बसते. नाही पायजे म्हटलं होतं, तरी बसते. दुकानाबाहेर कुठं काळं सिलिंडर दिसलं तर अजून वाकून पाहते. लोक म्हणत असतील, म्हातारीचं डोकं फिरलं. म्हणोत. मला एकच गोष्ट छळते. ते वाचवलेले चार रुपये मी कशात घातले, ते मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. नाही आठवत.