गोळी न घेताच "घेतली" म्हणाले

ज्यांची किडनी माझ्या पोटात आहे, त्या सासूबाईंशी आज सकाळी मी खोटं बोलले.

प्रत्यारोपणाला वर्ष होत आलं. शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्याव्या लागतात. त्यातल्याच एका गोळीनं माझे केस गळताहेत. आज न्हाताना मूठभर केस हातात आले. रागानं मी ती गोळी परत डबीत टाकली.

"घेतलीस न्हवं गोळी?" सासूबाईंनी विचारलं.

"व्हय की," मी म्हणाले.

अर्ध्या तासात भीती वाटायला लागली, किडनी गेली तर? त्यांच्यापुढं जाऊन सगळं सांगितलं आणि हुंदके द्यायला लागले. वाटलं, आता ऐकवणार.

"किडनी दिली म्हणून तू रडायचं न्हाय, असं कुणी सांगितलं तुला?" त्या ओरडल्याच. "आधी गोळी घे. मग रड पायजे तेवढं!"

दुपारी त्याच मला रिक्षानं राजारामपुरीत डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, "रक्त तपासू, मग औषध बदलता येतंय का बघू. पण दुसऱ्या औषधाचेही त्रास असतात. तोवर एकही गोळी चुकवायची नाही."

म्हणजे संध्याकाळी तीच गोळी, उद्या तसेच केस हातात.

"जीव वाचला की, केसांचं काय एवढं?" असं सगळे म्हणतात. खरंच आहे ते, आणि म्हणूनच मला कुठं बोलता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी यातून गेलंय का? रोज आरशासमोर कसं उभं राहता?