वरच्या मजल्यावरची शिट्टी

...तर मी काठी उचलून तणतणत जिन्याकडे निघालो, इथपर्यंत काल आलो होतो ना? तेवढ्यात चहा आला आणि गोष्ट तिथेच राहिली. माझ्या गोष्टींचं असंच आहे. चहा आला की थांबतात आणि कप खाली ठेवला की पहिल्यापासून सुरू होतात. काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागे जातो. जे होते त्यांनी तेवढ्यात एक डुलकी काढावी. आमच्या घरात तशी पद्धतच आहे.

साथीचं वर्ष होतं. शाळेला कुलूप, मैदानाला कुलूप, आणि शाळा मात्र आमच्या घरात येऊन बसलेली. सोमवारी शाळेच्या गेटवर गृहपाठाची पिशवी मिळायची आणि रोज सकाळी फोनवर तास व्हायचे. मुलगा नि सून कामावर जायचे, तेव्हा चौथीतल्या नातीजवळ बसायचं काम माझ्याकडे आलं. काम काय, तर फोन पडू द्यायचा नाही आणि स्वतः बोलायचं नाही. पहिलं मला जमलं.

मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस. इतक्या वर्षांनी पुन्हा वर्गात बसायला मिळतंय म्हटल्यावर मला कोण आनंद! बाईंनी प्रश्न विचारला की नातीच्या आधी माझा हात वर. नात दात-ओठ खाऊन म्हणायची, "आजोबा, हात खाली घे. तू पटावर नाहीयेस." मी खाली घ्यायचो. पुढच्या प्रश्नाला पुन्हा वर.

बुधवारी आणि शनिवारी शेवटचा तास कवायतीचा. तो घेणारे मास्तर आमच्या डोक्यावर राहायचे, म्हणजे बरोबर आमच्या वरच्या खोलीत. तास सुरू झाला की छतावर धप्, धप्, धप्. दिवा झुलायचा, कपाटातल्या बरण्या एकमेकींशी कुजबुजायच्या, आणि वर ती शिट्टी! एक लांब, दोन आखूड, मग पुन्हा लांब. आमची ही कुकरच्या शिट्ट्या मोजून गॅस बंद करणारी बाई. त्या बुधवारी तिने मास्तरांच्या दोन शिट्ट्या कुकरच्या हिशोबात धरल्या आणि बटाटे कच्चे राहिले. माझा एक दात आधीच हलत होता. तो त्या बटाट्यात कायमचा कामी आला. म्हणून मी काठी उचलली.

"अहो, भांडायला जाताय की गप्पा मारायला?" हिने आतून विचारलं.

"भांडायला!"

"मग तासाभरात येताय तर. जेवण झाकून ठेवते."

वर गेलो. दार उघडंच होतं. मी मास्क नाकावर चढवून उंबरठ्याबाहेर उभा राहिलो आणि आत पाहतच राहिलो. पलंग भिंतीला उभा टेकवलेला. फरशीवर खडूने आखलेल्या पांढऱ्या रेघा, अगदी मैदानावर आखतात तशा, फक्त एक रेघ थेट मोरीत गेलेली. स्टुलावर विटेच्या आधाराने फोन उभा. आणि त्याच्यासमोर मास्तर. दाराच्या चौकटीला डोकं लागेल असा उंच माणूस. पांढरे बूट, कडक इस्त्रीची पांढरी पँट, गळ्यात दोरी, दोरीला शिट्टी. स्वतःच्याच घरात, मोरीशेजारी, झेंड्याला सलामी द्यावी तसे ताठ उभे होते.

त्यांनी गाल फुगवून शिट्टी मारली. माझ्या कानांना दडे बसले. फोनमधल्या चौकटींत मात्र काडीचा फरक नाही. पोरं वाळत घातलेल्या कपड्यांसारखी खुर्च्यांवर लोंबत होती. एक पोरगं म्हणालं, "सर, गाल सुजलाय का तुमचा?" दुसरं म्हणालं, "सर फुगा फुगवतायत, पण फुगाच नाहीये!" सगळा फोन खिदळायला लागला. मास्तरांनी घाम पुसला, तास संपवला आणि वळले, तर दारात मी.

"त्रास होतो का, आजोबा?"

आता इथे एक सांगायचं राहिलं. त्या डोंगराएवढ्या माणसाचा आवाज चिमणीचा होता. बारीक, आणि मध्येच चिरकणारा. मला वाटलं, आत कुणी लहान मूल बोललं. मी भांडणाची तयारी जिन्यातच करून आलो होतो, पण चिमणीशी भांडायचं कसं?

तेवढ्यात तेच म्हणाले, "तुमची नात आहे म्हणून माझी थोडी तरी अब्रू राहिली. अख्ख्या वर्गात एकटीच शिस्तीत करते. शिट्टीला पाय, शिट्टीला हात, एक चूक नाही."

झालं! माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं. मी म्हणालो, "ते रक्तातच आहे, मास्तर. मी लहानपणी..." आणि तक्रार राहिली बाजूला. मी उंबरठ्याबाहेर आणि ते आत, असे आम्ही बोलत राहिलो. मीच जास्त बोललो, हे सांगायला नको. पण मध्ये एकदा मी खोकलो, तेवढ्यात त्यांनी आपलं दुःख सांगून घेतलं. मुख्याध्यापिका बाई पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी स्वतः तासाला बसणार होत्या. पोरं अशीच लोळत राहिली तर कवायतीचा तास बंद. तो वेळ गणिताला जाणार आणि मास्तर गेटवर पिशव्या वाटणार.

"मैदान गेलं तेव्हा मी खोलीत रेघा आखल्या," ते म्हणाले. "तास गेला तर रेघा कशाला आखू?"

शनिवारी मी नातीशेजारी मुद्दाम ऐटीत बसलो, आपलं रक्त कवायत कसं करतं ते पाहायला. छतातून शिट्टी आली. नातीचे हात वर. छतातून दोन आखूड आल्या. हात कमरेवर. मी फोनला कान लावला. फोन मुका.

"अगं, यातून शिट्टी येत नाही?"

"कधीच नाही आली. वरून येते की."

"मग बाकीच्या पोरांना कशी ऐकू जाते?"

नात हात कमरेवर ठेवूनच म्हणाली, "त्यांच्या डोक्यावर सर राहत नाहीत ना, आजोबा."

रक्ताचा प्रश्न तिथेच निकालात निघाला. आमचं रक्त नव्हे, आमचं छत पातळ होतं.

संध्याकाळी मुलाने समजावून सांगितलं. म्हणे फोन हुशार असतो. माणसाचं बोलणं ठेवतो आणि बाकीचा गोंगाट गाळून टाकतो. शिट्टी त्याला गोंगाट वाटते. मुलाने फोनवरच्या तासाच्या त्या प्रकारात बरीच बटणं दाबून पाहिली, पण शिट्टी काही पलीकडे जाईना.

"गोंगाट गाळतो?" ही म्हणाली. "मग तुझे बाबा रोज फोनवर बोलतात ते कसं जातं पलीकडे?"

मी लगेच वर जाऊन मास्तरांना सांगितलं. त्यांनी शिट्टी तळहातावर घेतली आणि आजारी पिल्लाकडे बघावं तसं तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी मैदानावर 'सावधान' म्हटलं आणि सगळी शाळा हसली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिट्टी तोंडात धरली. तेव्हापासून शाळेत त्यांचा आवाज फारसा कुणी ऐकलेला नाही. हजेरीसुद्धा वर्गातला मोठा आवाजवाला मुलगा घ्यायचा. पोरं त्यांना 'शिट्टी सर' म्हणायची, आणि त्यांना ते आवडायचं.

"आता फोन म्हणतो, शिट्टी नको, आवाज दे," ते म्हणाले. "आणि माझा आवाज तर हा असा."

आणि मग मी तोंड उघडलं. मला त्या वेळी कुणी धरून ठेवायला हवं होतं. मी म्हणालो, "मास्तर, काळजी कशाला? आवाज माझा घ्या! तुम्ही करून दाखवा, मी हुकूम सोडतो!"

पुढच्या बुधवारी मी उंबरठ्याबाहेर खुर्ची टाकून बसलो. फोनमध्ये दिसत होते मास्तर, आणि ऐकू येत होतो मी. पोरांना वाटलं आकाशवाणीच झाली. "सावधान!" म्हणून मी असा गरजलो की तिसऱ्या मजल्यावरच्या आजी जिन्यात सावधान उभ्या राहिल्या. पोरं उठली. हात वर, हात खाली, उडी. आमची इमारत हादरली आणि मास्तरांचा चेहरा उजळला.

घोटाळा एवढाच, की मला नुसते आकडे म्हणता येत नाहीत. 'एक' म्हटलं की मला एकाची एखादी गोष्ट आठवते. 'दोन' म्हणेपर्यंत पोरं एका पायावर उभी राहून डगमगायला लागली. मास्तर एका पायावर उभे राहूनच माझ्याकडे बघत होते. त्या नजरेचा अर्थ मला कौतुक असा वाटला.

शुक्रवारी हिने मला समोर बसवलं. "उद्या त्या बाई येणार आहेत. एक ते आठ आकडे. हात वर, हात खाली. याच्यापलीकडे एक शब्द नाही. दुसऱ्याच्या पोटावर पाय आणू नका."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतात तर चिंता नव्हती. तुमची नात गप्प बसते."

शनिवार उजाडला. मास्तरांनी रेघा नव्याने आखल्या होत्या, बुटांना पांढरं लावलं होतं. शिट्टी गळ्यात होतीच, सवयीची. फोनमध्ये एक नवी चौकट उघडली आणि तिच्यात मुख्याध्यापिका बाई आल्या. रिकाम्या शाळेतल्या त्यांच्या खोलीत, मागे भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. बाई कडक. म्हणाल्या, "सगळ्यांनी करायचं ना? मग मीही करते," आणि उठून उभ्या राहिल्या.

मी सुरुवात चांगली केली, हे माझे शत्रूही मान्य करतील. "सावधान! हात... वर!" सगळे हात वर. चौकटी-चौकटीतून हातच हात. बाईंचेही. ते दृश्य पाहून मला काय झालं कुणास ठाऊक. मला आमच्या गावच्या शाळेतली तपासणी आठवली आणि तोंडातून निघून गेलं, "अश्शीच आमची पण रांग होती बरं का, पोरांनो!"

झालं, बांध फुटला. मी सांगू लागलो. आमच्या मास्तरांनी तपासणीच्या साहेबांसमोर आम्हाला हात वर करायला लावले, आणि नेमका गावचा वळू मैदानात शिरला. साहेब कुंपणापलीकडे आणि मास्तर झाडावर. हात खाली घ्यायला सांगायचं मात्र कुणाला सुचलं नाही, आणि सांगितल्याशिवाय हात खाली घेण्याची आमची छाती नव्हती. "तर आम्ही पोरं तश्शीच उभी, हात वर करून, समोर वळू, आणि आमचे दंड असे भरून आले, असे भरून आले..."

आणि इकडे फोनमध्ये पोरांचे हात थरथरत होते. एकाने डावा हात उजव्याने धरून ठेवला होता. बाईंचे हातही वरच, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर. हे सगळं मला नंतर नातीने सांगितलं. मी तेव्हा वळूच्या शिंगांपर्यंत पोचलो होतो.

मास्तरांनी शिट्टी तोंडात घातली आणि फुंकली. ती माझ्याच कानात शिरली. फोनमध्ये कुणी हललं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग थरथरणाऱ्या त्या हातांकडे पाहिलं. शिट्टी तोंडातून काढली, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले,

"आजोबा, पुरे! मुलांनो, हात खाली!"

आवाज बारीकच होता, आणि मध्ये चिरकलाही. पण सुईसारखा गेला. सगळे हात एकदम खाली आले. एक पोरगं फिस्सकन हसलं. मी मनात म्हटलं, संपलं, आता पुन्हा शिट्टी तोंडात जाणार. पण मास्तर थांबलेच नाहीत. "कमरेवर हात! उजवीकडे वाक! त्या कोपऱ्यातल्या, गुडघा सरळ!" हसणाऱ्याचाच गुडघा वाकलेला होता. त्याने सरळ केला. मग कुणाला हसायला सवडच मिळाली नाही. तास संपेपर्यंत पोरं घामाने निथळली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा इतका वेळ गप्प होतो. माझी काही गरजच उरली नव्हती, हे ध्यानात यायला मला जरा उशीर लागला.

शेवटी बाईंनी चष्मा वर केला, श्वास गोळा केला. "सर, तास राहू दे. गणित सकाळी घेऊ." मास्तरांनी मान खाली घातली. बाई फोन बंद करता करता पुन्हा आत वाकल्या, "आणि अहो, त्या वळूचं पुढे काय झालं?"

मी तोंड उघडलं. मास्तरांनी फोन बंद केला.

खोलीत आम्ही दोघेच. ते गळ्यातली शिट्टी काढून खिळ्याला अडकवत होते, अगदी सावकाश. मी खुर्ची उचलली, पण पाय निघेना. इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी कामाला आलो होतो, आणि ते कामही माझ्याच जिभेने घालवलं. शेवटी विचारलंच, "मास्तर, मग बुधवारी मी येऊ की नको?"

मास्तर वळले. त्याच बारीक आवाजात, पण या वेळी जरासुद्धा न चिरकता म्हणाले, "या ना, आजोबा. पण रांगेत उभं राहायचं. आणि काही सांगावंसं वाटलं, तर हात वर करायचा. मी सांगेपर्यंत खाली घ्यायचा नाही."