दादाचा जुना लॅपटॉप

बाबांना लकवा मारला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. नागपूरच्या एका ग्रंथालयात मला नोकरी लागली होती आणि रुजू व्हायला बारा दिवस उरले होते. आई जाऊन चार वर्षं झालेली. दादा पुण्यात, त्याची नोकरी आणि त्याचा संसार तिकडेच. रुजू होण्याची मुदत मी एकदा वाढवून घेतली, दुसऱ्यांदा त्यांनी ती दिली नाही. त्यानंतर पुलगावातल्या आमच्या दोन खोल्यांमधून बाहेर पडणं म्हणजे दूध, भाजी आणि औषधं, एवढंच उरलं.

बाबा इथल्या कापडगिरणीत मिस्त्री होते. बिघडलेले माग दुरुस्त करणं हे त्यांचं काम. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. वर्षभरात शब्द हळूहळू परत आले, पण एका वेळी एक-दोन, फार तर तीन. मला बोलवायचं असलं की डाव्या हातातला चमचा ते पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवत. तो आवाज ऐकला की हातातलं काम टाकून मी उठायची. झोपेतसुद्धा तो मला ऐकू येई.

दादाने त्याचा जुना लॅपटॉप पाठवला, तो याच काळात. ऑफिसने त्याला नवीन दिला होता, जुना त्याने घरी ठेवून घेतला होता. स्वतः यायच्या ऐवजी त्याने तो पाठवला असं मला तेव्हा वाटलं, आणि त्या वाटण्यात फारशी चूक नव्हती. पण त्या लॅपटॉपमुळे मला काम मिळालं. वर्ध्याची एक संस्था गावोगावच्या बायकांसाठी आरोग्याच्या पुस्तिका काढायची. हिंदीतल्या पुस्तिका मराठीत करून टाइप करायच्या आणि महिन्यातून एकदा पॅसेंजरने वर्ध्याला जाऊन द्यायच्या. त्या दिवशी शेजारच्या काकू बाबांजवळ बसत. ते चार तास मी महिनाभर मोजत असायची.

लॅपटॉपची बॅटरी मेलेलीच होती. लाइन गेली की पाच मिनिटांत पडदा काळा. तेव्हा आमच्याकडे सकाळी चार तास आणि संध्याकाळी तीन तास भारनियमन असायचं. त्यामुळे काम उरलेल्या वेळात, बाबांची औषधं, जेवण, कूस बदलणं या सगळ्याच्या मधल्या फटींमध्ये. बाबांच्या समोर माझी बाज होती. तिच्यावरच्या गादीवर लॅपटॉप ठेवून मी टाइप करायची.

मग तो बंद होईनासा झाला. बंद करायची आज्ञा दिली की पडद्यावर ‘बंद होत आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ यायची आणि तिथेच थांबायची. अर्धा तास झाला तरी ती ओळ तशीच, आतला पंखा घोंघावत राहिलेला. शेवटी लाइन जायची आणि तो आपोआप गप्प व्हायचा. हे चांगलं नाही हे मला कळत होतं, पण दुसरं काही सुचत नव्हतं. एकदा लाइन जाण्याआधीच कंटाळून मी बटण दाबून धरलं. तो बंद झाला. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर हिरवा दिवा लागला, पंखा थोडा फिरला आणि पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

आत तीन आठवड्यांचं काम होतं. दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलेलं नव्हतं. चौथ्या दिवशी ते वर्ध्याला द्यायचं होतं.

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, नागपूरला दुरुस्तीच्या दुकानात घेऊन जा, एका दिवसाचं काम आहे. मी विचारलं, एक दिवस बाबांजवळ कोण बसेल? काकू चार तासांच्या वर बसू शकत नव्हत्या, त्यांचंही घर होतं. तो म्हणाला, ‘‘पाहू काहीतरी.’’ आणि मीटिंग आहे म्हणून त्याने फोन ठेवला.

त्यानंतर मी ज्यांच्याकडे कॉम्प्युटरचा क्लास केला होता त्या सरांना फोन लावला. ते लग्नाला बाहेरगावी गेले होते, आठवड्याने येणार होते. पण त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. बॅटरी आणि चार्जर दोन्ही काढायचे, बटण तीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचं आणि मग नुसत्या चार्जरवर चालू करून पाहायचं. त्याने नाहीच झालं तर खालचं झाकण उघडायचं, मेमरीची पट्टी काढायची, तिची पितळी कड खोडरबराने घासायची आणि परत बसवायची. पहिली गोष्ट मी तीनदा केली. दुसरीची मला भीती वाटली. उघडलं आणि आणखी काही तुटलं तर?

तेवढ्यात चमचा वाजला. बाबांना पाणी हवं होतं. पाणी दिलं. परत येऊन बसते न बसते तोच पुन्हा वाजला. उशी घसरली होती. ती नीट करताना माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘तुमच्यापायी मी इथं कोंडल्या गेली, बाबा. दादा सुटला, मी अडकली.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, दुःखानेही नाही, ऐकलेलं नीट लक्षात ठेवावं तसं पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रचून ठेवलेली स्वच्छ भांडी उगीचच घासत बसले. माफी मागायला हवी होती, पण मी जे बोलले ते खोटं नव्हतं, म्हणून मागता येईना.

दुपारी चमचा वाजला तो हळू, दोनदाच. मी गेले. बाबांनी लॅपटॉपकडे बोट केलं आणि म्हणाले, ‘‘खोल.’’

मी म्हटलं, मले नाही येत. त्यांनी पलंगाखाली बोट दाखवलं. तिथे त्यांची हत्यारांची पिशवी होती, गिरणी बंद पडल्या दिवसापासून तशीच ठेवलेली. तिच्यात तळाशी एक बारका पेचकस निघाला. मी त्यांना टेकून बसवलं आणि समोर पाटावर लॅपटॉप पालथा ठेवला. त्यांनी आधी मला कागद आणायला लावला. त्यावर लॅपटॉपच्या खालच्या बाजूचं चित्र काढायला लावलं. जो स्क्रू जिथून निघेल तो चित्रात त्याच जागी ठेवायचा. डाव्या हाताने ते लॅपटॉप घट्ट धरून ठेवत आणि मी पेचकस फिरवी. मी घाई केली की ते ‘‘हळू’’ म्हणत. एक स्क्रू निघेना तेव्हा त्यांनी तळवा माझ्या हातावर ठेवून वरून दाब दिला. त्या हाताला इतकं बळ उरलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

पट्टी निघाली. ती मी खोडरबराने घासली. मला वाटलं झालं, पण बाबांनी पंख्यावरच्या दुसऱ्या झाकणाकडे बोट केलं. ‘‘आवाज,’’ ते म्हणाले. मग थांबून, ‘‘पंधरा दिवस.’’

पंख्याचा आवाज पंधरा दिवसांपासून बदललेला होता, आणि समोर पडल्या पडल्या ते तो ऐकत होते. मी दिवसभर त्याच पंख्याजवळ बसून काही ऐकलं नव्हतं. झाकण काढलं तर पंख्याच्या पुढच्या जाळीवर करड्या धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा एक थर, नमद्यासारखा दाबून बसलेला. माझ्या गादीचाच कापूस. मी तो चिमट्याने उचलला तेव्हा अख्खा निघून आला. बाबांनी हात पुढे केला, तो थर बोटांत चुरून पाहिला आणि ओठाच्या एका बाजूने हसले. गिरणीत हेच साफ करण्यात त्यांचा जन्म गेला होता.

सगळे स्क्रू परत बसवले. बटण दाबलं. काळाच. माझे डोळे भरून आले. बाबा म्हणाले, ‘‘पट्टी. बसली नाई.’’ पुन्हा उघडलं. पट्टी खरंच एका बाजूने वर राहिली होती. या वेळी टक् असा आवाज आला. बटण दाबलं आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. तो बराच वेळ स्वतःला तपासत राहिला, मग उघडला. पुस्तिका शाबूत होती. लाइन जायच्या आत मी ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली.

पेचकस पिशवीत ठेवताना मी म्हटलं, ‘‘बाबा, सकाळी मी बोलायले नको होतं.’’

ते म्हणाले, ‘‘खरं हाय.’’

मी कितीतरी वेळ त्यांच्याकडे न बघता पिशवीची नाडी बांधत राहिले.

बंद न होण्याचं दुखणं मात्र तसंच होतं. आठवड्याने सर घरी आले. त्यांनी शोधून सांगितलं की दादाच्या ऑफिसचा एक जुना प्रोग्राम आत राहिला आहे. बंद होताना लॅपटॉप आधी त्या ऑफिसशी जोडणी शोधतो, ती मिळत नाही आणि तो वाट पाहत बसतो. सरांनी तो प्रोग्राम काढून टाकला. त्यानंतर लॅपटॉप सांगितल्याबरोबर बंद व्हायला लागला.

त्या रविवारी दादाचा फोन आला. नेहमीप्रमाणे मी फोन बाबांच्या कानाला लावला. एरवी ते नुसतं हूं हूं करत. त्या दिवशी त्यांनी श्वास घेतला, शब्द जुळवायला वेळ घेतला आणि म्हणाले, ‘‘तू ये. हिले जाऊ दे.’’ दादाने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही.

दादा दिवाळीत आला आणि वीस दिवस राहिला. पुढे दर दिवाळीत आणि उन्हाळ्यात तो येत गेला. मधले महिने मी होते तिथेच होते. बाबा अजून दोन वर्षं जगले. नागपूरची नोकरी काही परत आली नाही. मी वर्ध्याच्या त्या संस्थेतच लागले, पण ते सगळं बाबा गेल्यावर.

त्या वीस दिवसांतला पहिला दिवस मला अजून आठवतो. मी एकटी वर्ध्याला गेले. काम दुपारी एकलाच संपलं. स्टेशनवर येऊन बसले. पुलगावकडे जाणारी गाडी आली, थांबली, गेली. मी उठले नाही. दुसरी आली, तीही जाऊ दिली. कोणी मला बोलावत नव्हतं. मी काही वाचलं नाही, कोणाशी बोलले नाही, एक चहा घेतला आणि फक्त बसून राहिले.

संध्याकाळी घरी पोचले तर दादा पायरीवर बसलेला, शर्टावर औषधाचे डाग. म्हणाला, ‘‘एवढा उशीर? बाबा मले दिवसभर जागचं हलू देत नव्हते.’’

मी म्हटलं, हो. चपला काढल्या आणि आत गेले. त्याने भात लावून ठेवला होता. तो मधोमध कच्चा राहिला होता. मी तो सगळा खाल्ला.