कपाळाची कड

चष्म्याच्या दुकानातली नोकरी म्हणजे दिवसभर गिऱ्हाइकाच्या नाकासमोर वाकून उभं राहणं. तिथे डोक्यावर केसांचा टोप आहे हे लपवायचं, तर कपाळाची कड चोख हवी. तिच्या नवऱ्याची तशी होती, कारण रोज टोप बसवून देणारी ती स्वतः रफू करणारी. कापड कुठे फाटलं होतं ते मालकालाही सापडू नये, असं तिचं काम.

टोप उघडा पडतो तो फार नीटनेटका असला म्हणून, हे तिला लवकरच उमगलं. मग ती पुढचे थोडे केस उपटून कड विरळ करी, भांग जरासा वाकडा पाडी. टोपही दोन ठेवले होते, एक वाढलेला, एक आखूड. आखूड चढवला की शेजारी हमखास विचारत, "काय, कटिंग वाटतं?"

पुढे वय झालं, तशी ती कंगव्यात आलेले स्वतःचे पांढरे केस जपून ठेवू लागली आणि बारीक आकडीनं त्यांच्या टोपाच्या जाळीत गाठवू लागली. एकदा ते हसतच घरी आले.

"अगं, मालक म्हणाले, काय राव, पिकायला लागलात!"

"मग?"

"म्हटलं, बायकोची कृपा."

दोघं पोट धरून हसले होते.

म्हातारपणी मात्र त्यांची आठवण उसवत गेली. आधी काल गेला, मग नातवंडं, मग मधली सगळी वर्षं. सकाळी दुकानात निघायचं म्हणून ते आरशासमोर बसत आणि दचकत. "हा म्हातारा कोण? हा उठेपर्यंत मी जेवणार नाही." आणि खरोखरच घासाला तोंड लावत नसत. आरसा झाकला तर कासावीस होत. कड तपासल्याशिवाय माणसानं बाहेर पडायचं कसं? अंगावरचे कपडे ढगळ होत चालले.

मुलगी म्हणाली, "आई, टोपच काढून टाक ना. आता कुणापासून लपवायचंय?"

"काढून पाहिला. आतून कडी घालून बसले, उघडेनात."

शेवटी ती खिडकीशी बसली आणि टोपातले पांढरे केस एकेक करून काढू लागली.

"अगं, केस काळे करशील. सुरकुत्यांचं काय?"

"तिकडे त्यांचं लक्ष नसतंच गं. जन्मभर आरशात ते कडच बघत आलेत."

कित्येक वर्षांचं काम एका दुपारी उसवून झालं. काळ्यात पांढरं राहू नये म्हणून तिनं दोनदा बोट फिरवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं टोप बसवला, कड दाबली, आरसा पुढे केला. ते बराच वेळ बघत राहिले. मग खांदे सैल झाले. वाटी स्वतःच ओढून घेतली आणि तळ दिसेपर्यंत जेवले. ती डोळे भरून बघत होती.

जेवण झाल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या पिकल्या डोक्याकडे, आणि अदबीनं म्हणाले,

"बाई, तुमचा हात फार हलका आहे."

तिनं रिकामी वाटी उचलून बाजूला ठेवली.

"एक विनंती होती. माझं लग्न नुकतंच झालंय. बायकोला हे अजून ठाऊक नाही. तिच्या कानावर घालू नका."

मुलगी तोंड फिरवून आत निघून गेली.

"नाही घालणार," ती म्हणाली.

"स्वभावानं फार चांगली आहे हो ती. पण भीती वाटते."

"घाबरू नका," तिनं त्यांच्या ओठाचं खरकटं पुसलं. "तिला काही कळणार नाही."