ग्लासातले दात

खरं सांगते, मला किळस येते. अजूनही आठवलं की खवट शेंगदाणा चावल्यासारखं तोंड होतं.

आम्ही नवरा-बायको कव्वालीचा मुकाबला करतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, मंचावर एका बाजूला गाणारा पुरुष, दुसऱ्या बाजूला गाणारी बाई. त्यानं गाण्यातून टोमणा मारायचा, तिनं गाण्यातूनच परतवायचा. लोकांना दोघं परके वाटले पाहिजेत, नाहीतर भांडणात मजा काय? म्हणून मंचावर चढताना मी गळ्यातली मंगळसूत्राची पोत काढून पर्समध्ये ठेवायची. हे मला "बाई" म्हणायचे, मी यांना "शायर". आणि घरी एकाच ताटात जेवायचं!

आधी सवाल-जवाब चांगले असायचे हो. कधी इतिहासातलं विचारायचं, कधी संसारातलं. आता आयोजकांना मसाला पाहिजे. बाईच्या कमरेवर गा, चालीवर गा, वयावर गा. समोर तंबाखूचा खर्रा खाऊन थुंकणारी मंडळी, प्रत्येकाच्या हातात मोबाइल.

एकदा यांचा डावा हात मोडला होता. तेव्हा स्वयंपाकघरात बसून पेटीचा भाता मी हलवायची आणि पट्ट्या हे दाबायचे. तसं बसून आम्ही एक गाणं केलं होतं. चाल यांची, शब्द माझे. माझा एकच हट्ट होता, "अहो, ते दोघं मिळून गाऊ ना एकदा मंचावर."

"अवं, दोघंबी एकाच बाजूनं गायलो तं मुकाबला कोनासंग? लोकं खुर्च्या फेकतीन."

मागच्या उन्हाळ्यात मौद्याला कार्यक्रम होता. आयोजक यांच्या कानाशी काहीतरी कुजबुजून गेला. मग यांनी माझ्याकडे बोट करून तान घेतली,

"दिवसा हसते, मोत्यावानी दात,
रातच्याले झोपतात ग्लासात!"

माझी कवळी! रात्री उशाजवळ ग्लासात ठेवते ती. लोक खदखदून हसले. मी जवाब जुळवत होते, तेवढ्यात समोरून एक जण ओरडला, "पन तुले कसं मालूम गा शायर? रातभर तितंच होता का?"

मग ज्या शिट्ट्या सुटल्या! माझ्यामागं टाळ्यांची साथ करणाऱ्या बायांनी माना खाली घातल्या. नवऱ्यालाच ठाऊक असलेली गोष्ट हे परक्याच्या तोंडानं गाऊन बसले होते. आता खरं सांगावं तर मुकाबला मोडतो, न सांगावं तर माझी अब्रू जाते. यांनी काय केलं? हसले. हसले हो! शिट्ट्यांची नाही एवढी किळस आली मला त्या हसण्याची.

मी पर्समधून पोत काढली आणि माइकसमोर उभी राहून गळ्यात घातली. म्हटलं, "नवरा होय हा माहा. म्हनून मालूम हाय त्याले."

मग तोच माणूस म्हणाला, "मंग भांडता काहून?"

"तुमी शिट्ट्या वाजवता म्हनून!"

मी मंचाच्या त्या बाजूला गेले, यांच्या शेजारी बसले आणि पेटीच्या भात्याला हात घातला.

"काय करून राहिली वं?" यांना घाम फुटला होता.

"पट्टी दाबा."

दाबेनात. भाता नुसताच फुसफुसत राहिला. मी तशीच सुरू झाले, आमचं गाणं, सुराविना. पहिलं कडवं एकटीनं गायले. आयोजक खालून हातवारे करत होता, कीबोर्डवाला उठून पान खायला गेला. दुसऱ्या कडव्याला कुठं यांची बोटं पट्ट्यांवर पडली. मग आवाजही आला, घोगरा, जरा खाली. मागच्या खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. आम्ही गाणं पूर्ण केलं.

नागपूरला येईपर्यंत गाडीत पोत माझ्या गळ्यातच होती.

मुकाबल्याची बोलावणी आता फारशी येत नाहीत. जिथून येतात तिथं मी पोत घालूनच बसते, यांच्याच पेटीपाशी. किळस मात्र गेली नाही. म्हणून ग्लासातलं पाणी रोज सकाळी यांनीच बदलायचं, असा नियम केलाय. नाक मुरडत बदलतात. मी चहा पीत बघत बसते.