सोमरीच्या प्रगतिपुस्तकातला शेरा

माझ्या घरासमोरच्या प्राथमिक शाळेच्या ओट्यावर तरुण बाई पाण्याचा पेला धरून विचारत होत्या, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?"

"जल," बंगाली मुलगा म्हणाला. "नीळ्ळू," तेलुगू मुलगी म्हणाली. मागून एका गोंड मुलीचा बारीक आवाज आला, "येर." बाईंनी तिला पुढे बोलावलं. सगळा वर्ग तिच्यामागून तो शब्द म्हणाला.

मी खिडकीतच बसून राहिलो. मी गुरुजी होतो तेव्हा माझ्याही वर्गात अशीच मुलं होती. वर्गात फक्त मराठी बोलायचं, हा माझा नियम. गोंडांची सोमरी चार वर्षं माझ्यापुढे गप्प राहिली. हापशावर मात्र ती बंगाली मुलांची भांडणं बंगालीत मिटवायची, तेलुगू मुलांची तेलुगूत. मी ते रोज ऐकत होतो. तरी चौथीच्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला, 'मुलगी मंद आहे.' वडिलांनी तिला पाचवीला पाठवलं नाही.

"तुमी लिवलं म्हणजे खरंच असन, गुरुजी," ते म्हणाले. सोमरी त्यांचं बोट धरून उभी होती.

तो शेरा मी आज इथे खोडतो आहे. सोमरीला तीन भाषा येत होत्या. मला एकच येत होती, आणि त्याच भाषेत मी ते खोटं लिहिलं.