मांजरात दोन म्हशी

जिथे रोज शब्दांवरून वाद होतात, तिथे किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. फोनमधली जागा संपली की मी मैत्रिणींचे फोटोसुद्धा उडवते, पण आमच्या गटातलं काही उडवायला हात धजत नाही.

गट मराठी शब्दांचा. चालवतात पुण्याचे राव सर, मराठीचे निवृत्त प्राध्यापक. मी तुयेची, पेडण्याच्या कॉलेजात सायन्स शिकते. सकाळी बस येईपर्यंत गटावर एक प्रश्न टाकायचा, प्रॅक्टिकल संपेपर्यंत त्याखाली भांडण जुंपलेलं असतं. मग दिवस मजेत जातो.

*

माझा पहिलाच प्रश्न. शेतात गुरं बांधायला खोप असते, तिला आम्ही मांगर म्हणतो. तुम्ही काय म्हणता, एवढंच विचारायचं होतं. पण मोबाइलने परस्पर शब्द सुधारला आणि मी न बघता पाठवून दिला. "आमच्या मांजरात दोन म्हशी बांधलेल्या असतात. तुमच्याकडे?"

 मग नागपूरच्या वानखेडे काकांचं उत्तर आलं, "आमच्याकडची मांजरं एवढी मोठी नसतात."

*

मग पोदेर. सकाळी सायकलचा भोंगा वाजवत पाव विकायला येतो तो. शब्द पोर्तुगीज असावा, असं मी लिहिलं. गटावर सांगलीचे एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळं संस्कृतातूनच आलेलं दिसतं. त्यांनी लगेच सांगितलं, "पोदेर म्हणजे पदधर. पायी हिंडणारा."

मी म्हटलं, "आमचा सायकलवरून येतो."

"शब्द जुना आहे, सायकल नवी," ते म्हणाले.

 दुसऱ्या दिवशी पाव घेताना मी उगाच पोदेराच्या पायांकडे बघत होते.

*

वानखेडे काका मनाने फार मोठे. माझे प्रश्न बघून त्यांनी विचारलं, "व्युत्पत्तीचं एक जाडजूड पुस्तक पडून आहे, पाठवू का?" त्यांना कशाला त्रास, म्हणून मी घाईत घरच्यासारखं लिहून गेले, "नाका."

त्यांचा उलट प्रश्न, "कुठला नाका?"

"नाका म्हणजे नको" हे समजावणारा मेसेज मी पाठवला, पण घाटात बस शिरताच रेंज गेली आणि तो अडकला. पुढच्या आठवड्यात पार्सल आलं. पत्त्यावर माझं नाव, खाली ठळक अक्षरांत 'तुये नाका, पेडणे'. असला नाका गावात नाही. पोस्टमनने ते बिनचूक घरी आणून दिलं.

*

बाबा इथल्याच कारखान्यात आहेत. आधी म्हणायचे, "ह्या लोकांक काम ना गो?" आता ड्युटीवरून आले की बूट काढायच्या आत विचारतात, "आज किदें म्हणाले तुजे पुणेकार?" आणि कोणी माझ्यावर डाफरलं असेल तर जेवताना त्यांचाच चेहरा उतरलेला असतो.

*

असाच बाबांचा चेहरा एकदा फार उतरला होता. राव सरांनी जाहीर केलं की कोंकणीमिश्रित शब्दांमुळे गट भरकटतोय, यापुढे असे प्रश्न नकोत, रविवारी ऑनलाइन बैठकीत तसा नियम करू. माझं तर घरचं बोलणंच तसं. मी दुसरं काय विचारणार? मला सरळ रडू आलं.

रविवारी सगळे स्क्रीनवर जमले. राव सर गंभीरपणे म्हणाले, "कुठेतरी रेषा आखावी लागेल. तेव्हा माझा प्रस्ताव असा..."

नेमकी त्याच वेळी दारात मासळीवाली आली. माझा माइक चालू होता आणि स्वयंपाकघरातून आई ओरडली, "राव गे, राव! आयदान हाडतंय!"

राव सर थांबले. चष्मा सारखा करून म्हणाले, "हो, बोला."

त्यांच्या मागून एक बाई खो खो हसायला लागल्या. "अहो, तुमका नाय! थांब म्हणता ती. भांडा घेऊन येता." पदराने डोळे पुसत त्या कॅमेऱ्यासमोर आल्या, सरांना थोडं बाजूला सारलं आणि मला म्हणाल्या, "खंयचा गे बाय तू?"

"तुयेंचा."

"मी वेंगुर्ल्याची. आवशीक बोलव बघू. बांगडे गावले काय तिका?"

आई हातात टोप घेऊनच आली. तिने त्यातले बांगडे कॅमेऱ्याला दाखवले, मग दोघी माशांच्या आमटीत घालायच्या तिरफळांवर घसरल्या. सांगलीचे गृहस्थ, वानखेडे काका, सगळे ऐकत होते. प्रस्ताव कोणाच्या लक्षातही राहिला नाही.

राव सर मात्र स्क्रीनकडे नव्हे, बायकोकडे बघत होते. अखेर हळूच म्हणाले, "तुला हे सगळं येतं? घरात कधी बोलली नाहीस."

त्या आईशीच बोलत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "तुमी कधी इचारलात?"